ऑसिलोस्कोप मधेच बंद पडतो: मूळ सप्लाय दुरुस्त करावा की तयार एसएमपीएस बसवावा?

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असो, निपाणीतलं इन्व्हर्टर-दुरुस्तीचं दुकान असो की एखाद्या पॉलिटेक्निकची लॅब, पंचवीस-तीस वर्षं जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) कोपऱ्यात असतोच. या वयात त्याच्या पॉवर सप्लायची एक ठरलेली खोड सुरू होते. सकाळी नीट चालतो, दुपारी पडदा काळा, आणि बंद करून पुन्हा चालू केला की जणू काही झालंच नव्हतं. मग चर्चा सुरू होते: मूळ बोर्ड दुरुस्त करायचा, तो काढून बाजारातला तयार एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज बदलणारा हलका पॉवर सप्लाय) बसवायचा, बाहेर पाठवायचा, की सरळ नवा घ्यायचा?

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक ऑसिलोस्कोपांना मूळ बोर्डाची दुरुस्तीच परवडते. पण दोष एकदा तरी पकडीत आल्याशिवाय कुठलाच पर्याय निवडू नये. मधूनमधून येणारा दोष अंदाजाने काढला, तर तो गेला की नुसता लपला हे कळायला पुढचा पावसाळा उजाडतो.

आधी लाइनवरचा, म्हणजे येणाऱ्या विजेवरचा, संशय फेडून घ्या. आपल्याकडं वीज हेस्कॉमची (उत्तर कर्नाटकातली सरकारी वीज कंपनी), आणि औद्योगिक भागात त्याच फीडरवर फाउंड्रीच्या भट्ट्या आणि वेल्डिंग सेट. व्होल्टेज क्षणभर बसलं की म्हातारा सप्लाय सुटतो. त्याच प्लगवर मिन-मॅक्स नोंदवणारा मल्टीमीटर लावून ठेवा किंवा ऑसिलोस्कोप दोन दिवस ऑनलाइन यूपीएसवर चालवा. तेवढ्यात त्रास थांबला, तर झाकण उघडायची घाई नको. मेन कॉर्ड, फ्यूज होल्डर आणि पॉवर स्विच मात्र बघाच. खानापूरच्या बाजूला पावसात हे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, आणि ट्रान्सफॉर्मरची ऊब मुंग्यांना फार आवडते.

लाइन ठीक निघाली, तर दोष कधी येतो यावरून बरंच कळतं. थंड असताना चालूच होत नाही, पण दहा मिनिटं रखडून मग चालतो: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. गरम झाल्यावर बंद पडतो: ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) किंवा थकलेला सेमीकंडक्टर. टिचकी मारल्यावर येतो-जातो: कनेक्टर, स्विच, सॉकेट. हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा, फ्रीझर स्प्रेने थंड करा, प्लास्टिकच्या काडीने दाबून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद पडताना कुठलं व्होल्टेज आधी जातं ते मीटर जोडून पाहा. सगळी एकदम गेली तर दोष बहुधा इनपुट किंवा प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या) बाजूला, पण एसएमपीएसमध्ये एखाद्या आउटपुटवरच्या शॉर्टमुळंही सगळी जातात. एकच गेलं तर त्याचा रेग्युलेटर, नाहीतर त्याच्यावरचा लोड.

आता खरी तुलना. आत जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल, तर सप्लाय लिनिअर आहे, आणि तिथं दुरुस्तीच करा, दुसरा विचार नको. ब्रिज रेक्टिफायरचे आणि मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरचे सांधे पुन्हा सोल्डर करणं, पॉवर ट्रान्झिस्टरचं सॉकेट साफ करणं, व्होल्टेज जुळवणारा प्रीसेट (छोटा फिरवायचा रेझिस्टर) बदलणं: बहुतेक दोष एवढ्यातच सापडतात. फिल्टर कॅपॅसिटर सुकला की १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) वाढतो, रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज उरत नाही, आणि लाइन जरा खाली आली की आउटपुट ढासळतं. सुटे भाग गल्लीतल्या दुकानातही मिळतात. फक्त कॅपॅसिटर १०५ अंशांचेच मागा, ८५ चे नकोत.

मूळ सप्लाय एसएमपीएस असेल, तर दुरुस्तीला हात बसलेला हवा. यूसी३८४२ जातीची कंट्रोलर आयसी १६ व्होल्टला सुरू होते आणि १० व्होल्टच्या खाली गेली की थांबते. तिच्या पुरवठ्यावरचा छोटा कॅपॅसिटर सुकला की ती सुरू होते, थांबते, परत सुरू होते, आणि टिक-टिक असा आवाज येतो. काही रुपयांच्या त्या कॅपॅसिटरपायी अख्खे ऑसिलोस्कोप भंगारात गेलेत. लाइनवर बसवलेला जुना कागदी फिल्टर कॅपॅसिटर चिरलेला दिसला, तर धूर यायच्या आधीच बदला, जागी एक्स२ दर्जाचाच (थेट मेन्सवर लावायला बनवलेला) बसवा.

इथला धोका खरा आहे. २३० व्होल्टचे रेक्टिफाय झाल्यावर ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि स्विच बंद केल्यावरही ते कॅपॅसिटरात राहू शकतात. दुसऱ्या ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप प्रायमरीला लावलीत तर स्फोटच. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (उपकरणाला मेन्सपासून वेगळं ठेवणारा) नसेल, तर हे काम जाणत्याकडं द्या. करंट मर्यादेत राहावा म्हणून सिरीज बल्ब लावून तपासायची आपली पद्धत चांगली आहे, पण बल्बमुळं व्होल्टेज पडून चांगला एसएमपीएसही टिक-टिक करू शकतो. ती दोषाची खूण समजू नका.

तयार एसएमपीएस दिसायला सोपा. फ्रिक्वेन्सी काउंटर किंवा डिजिटल मीटरला फक्त ५ व्होल्ट लागत असतील, तर जरूर बसवा, काम एका दुपारचं आहे. ऑसिलोस्कोपाचं तसं नाही. त्याला ५ आणि १५ सोबत उणे ८, ५५, ११० अशी व्होल्टेज लागू शकतात, आणि ती एका डब्यात मिळत नाहीत. शिवाय १२ व्होल्टच्या साध्या एसएमपीएसच्या डेटाशीटमध्येच रिपल शंभरेक मिलिव्होल्टचा दिलेला असतो. दर खान्याला २ मिलिव्होल्ट दाखवणाऱ्या पडद्यावर मग सिग्नलऐवजी सप्लायच दिसेल. तिसरी गोष्ट लोक विसरतात: मुख्य बोर्डावरचा एखादा टँटॅलम कॅपॅसिटर अधूनमधून शॉर्ट होत असेल, तर नवा एसएमपीएसही जुन्यासारखाच बंद पडेल, खर्च मात्र होऊन बसेल.

नवा डिजिटल ऑसिलोस्कोप वीस-तीस हजारांच्या घरात येतो. रोज धंद्याला लागत असेल आणि दुरुस्तीला माणूस नसेल, तर घ्या. जुना लगेच विकू नका, शांतपणे दोष शोधता येतो.

बाहेर पाठवायचं असेल, तर कोल्हापूर आपल्याला बेंगळूरुपेक्षा कितीतरी जवळ, सुमारे ११० किलोमीटर. पण मधे राज्य बदलतं. फर्मच्या नावावर असेल तर डिलिव्हरी चलन सोबत द्या, ई-वे बिलाचं अकाउंटंटला विचारा. सोबत एक कागदही ठेवा: किती वेळाने बंद पडतो, तेव्हा कुठलं व्होल्टेज गेलं, लाइन किती होती. नाहीतर तिथल्या टेबलावर तो दिवसभर सुरळीत चालेल आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येईल. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर चालणारं उपकरण असेल, तर सप्लाय दुरुस्त झाल्यावर कॅलिब्रेशन (मापाची अचूकता तपासणं) पुन्हा करून घ्यावं लागतं, हा खर्चही आधीच भावात धरा.