जवळचा चष्मा सुटेल म्हणून ३३,३९९ रुपये गेले

चाळिशीचा चष्मा कायमचा घालवून देतो असं सांगून माझ्याकडून ३३,३९९ रुपये उकळले. आधी ४९९, मग ८,९००, मग १४,७५०, मग ६,३०० आणि शेवटी ‘रिफंड मिळवण्यासाठी’ २,९५०. रुपयापर्यंत आकडे मुद्दाम देते आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न रकमेचा असतो आणि ‘तीसेक हजार’ असं मोघम सांगितलं की समोरचा पेन खाली ठेवतो.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वय ४७. लांबचं आजही स्वच्छ दिसतं, शेवटच्या बाकावर कोण काय करतंय ते कळतं. पण उत्तरपत्रिका हातात घेतली की हात आपोआप लांब जायला लागला होता. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ३ आणि ८ सारखेच दिसायचे. त्यातच एका मुलीच्या गुणांची बेरीज पाचने कमी लागली. तिचे वडील मुख्याध्यापकांकडे गेले आणि सगळ्या स्टाफरूमसमोर ‘मॅडम, आता चष्मा लावा’ असं मला ऐकावं लागलं. ही जाहिरात नेमकी त्याच आठवड्यात मोबाइलवर आली. चष्म्याची मला लाज नव्हती. धास्ती होती ती नंबर चढत जाण्याची. एकदा लावला की नंबर वाढतच जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. जाहिरातीत पहिलंच वाक्य तेच होतं: ‘चष्मा डोळ्यांना आळशी करतो.’

पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. आधी ४९९ रुपयांचं ऑनलाइन शिबिर, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात रोज कुणीतरी ‘काल सुईत दोरा ओवला’ म्हणून हात जोडलेलं चित्र टाकणार. मग एका ‘वैद्य सरां’चा फोन. आवाज इतका शांत, इतका आदबीचा. ‘ताई, तुम्ही शिक्षिका, तुमचे डोळे म्हणजे देशाची संपत्ती.’ थेंबांची बाटली, गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम आणि ४५ दिवसांत जवळचा नंबर शून्य. मोतीबिंदू असेल तर तोही विरघळेल म्हणे.

‘शिकलेली बाई असून कशी फसलीस’ हे मला घरात आणि बाहेर इतक्या जणांनी ऐकवलंय की त्याचं उत्तर इथेच देते. असे थेंब ही मला भाकडकथा वाटली नाही, कारण त्यांची बातमी मी स्वतः वाचली होती. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळीकडे झळकलं होतं की वाचायचा चष्मा काढायला लावणारे थेंब भारतात मंजूर झाले, १५ मिनिटांत परिणाम. ते पिलोकार्पिनचे थेंब. लगेच १० सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय औषध नियामकाने त्यांची परवानगी स्थगित केली, कारण मंजुरीत नसलेले दावे केले गेले होते. पहिली बातमी ठळक आली, दुसरी किती जणांपर्यंत पोचली? माझ्यापर्यंत नाही पोचली. वैद्य सरांनी तीच पहिली बातमी मला पाठवली आणि म्हणाले, ‘ते केमिकल, आपलं आयुर्वेदिक.’ खऱ्या बातमीवर खोट्या धंद्याचा मजला चढवला होता. आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं ते असं, की पिलोकार्पिन काचबिंदूसाठी कित्येक दशकं वापरात आहे. ते बाहुली बारीक करतं म्हणून काही तास जवळचं जरा स्पष्ट दिसतं. डोकं दुखू शकतं, अंधारात दिसायला त्रास होतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घालायचं नसतं. म्हणजे खरं औषधसुद्धा चष्मा कायमचा घालवत नाही.

आता ती जागा सांगते जिथे हे सगळं उघडं पडायला हवं होतं. ती आठवली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

८,९०० रुपयांच्या पहिल्या पार्सलमध्ये वाचन तपासायचं एक कार्ड होतं. डॉक्टरांकडे असतं तसंच, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे एन १२, एन ८, एन ६. मला एन ६ ची ओळ अजिबात लागली नाही. ते कार्ड ‘रेकॉर्डसाठी’ कुरियरने परत मागवून घेतलं. तीन आठवड्यांनी १४,७५० रुपयांच्या दुसऱ्या टप्प्याच्या तोंडावर नवं कार्ड आलं, सोबत छापील सूचना: सकाळी नऊनंतर खिडकीपाशी उन्हाकडे तोंड करून बसा, कार्ड ५० सेंमीवर धरा, डोळे किंचित मिटून वाचा. मी एन ६ ची ओळ वाचली. सरळ, न अडखळता वाचली. मला रडू आलं. त्याच दुपारी १४,७५० पाठवले.

पहिल्या कार्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, वहिनींना दाखवायला काढलेला. पैसे बुडाल्यावर तो काढून बघितला. फोटोत कार्डाशेजारी माझी लाल पेन्सिल आहे. तीच पेन्सिल दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवली. नव्या कार्डावरचं ‘एन ६’ हे जुन्या कार्डावरच्या ‘एन ८’ एवढं, उलट काकणभर मोठंच होतं. शाईसुद्धा जास्त काळी. सुधारले होते ते माझे डोळे नव्हेत, छपाई सुधारली होती. आणि कार्ड परत का मागवलं, तेही तेव्हा लख्ख कळलं. मला सांगा, कुठल्या माणसाला शंका येईल? कार्डावर एन ६ लिहिलंय, आपण एन ६ वाचलं. तपासायचं साधनच खोटं असेल असं कुणाच्या मनात येतं?

सूचनाही तितक्याच कावेबाज होत्या. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दहावीच्या भिंगांच्या धड्यावरूनच मला ते उलगडून दाखवलं. भरपूर उजेडात बाहुली बारीक होते आणि जवळचं आपोआप बरं दिसतं. डोळे बारीक केले तरी तेच. आणि कार्ड २५ सेंमीवर धरलं तर डोळ्याला ४ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) जोर लावावा लागतो, ५० वर धरलं तर फक्त २ चा. माझा हात आधीपासून लांब जात होता तो याचसाठी! लहानपणी डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, १० डायॉप्टरहून जास्त जोर लावू शकतं. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि पन्नाशीला दोनच्या आसपास जेमतेम उरतं. ते सगळ्यांचं होतं, चष्मा लावणाऱ्याचं आणि न लावणाऱ्याचंही. चष्म्यामुळे नंबर वाढत नाही, वयामुळे वाढतो आणि साठीच्या सुमारास जवळपास थांबतो. बुबुळं गोल फिरवून कडक झालेलं भिंग मऊ होत नाही. हे मला कुणी आधी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर माझे ३३,३९९ वाचले असते, म्हणून इथे सांगते आहे.

बाटलीबद्दलही लिहायलाच हवं. पुढच्या बाजूला ठसठशीत हिरव्या अक्षरांत ‘१०० टक्के सुरक्षित’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांनाच विकायची बाटली आणि कामाचा मजकूर मुंगीएवढा! नंतर भिंगाखाली धरून वाचलं तर त्यात घटक नाहीत, बॅच नंबर नाही, उत्पादन परवान्याचा नंबर नाही, मुदत संपण्याची तारीख नाही. नुसतं ‘वनौषधींचा अर्क’. डॉक्टरांनी ती बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. अशा थेंबांत स्टेरॉइड असलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर होतो आणि त्रास जाणवेपर्यंत नुकसान होऊन बसलेलं असतं. माझा दाब तपासला, सुदैवाने ठीक निघाला. ज्या बाटलीवर परवाना नंबर आणि बॅच नंबर नाही, ती डोळ्यात घालू नका. विकणारा सख्खा मावसभाऊ असला तरी नको.

६,३०० रुपये ‘नेत्र नाडी चाचणी’च्या नावाखाली गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तोवर मी त्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकला होता. ४५ दिवस उलटले, संध्याकाळी पुन्हा ३ चा ८ दिसायला लागला, तेव्हा पैसे परत मागितले. लगेच हो म्हणाले, एक अक्षर वाद घातला नाही. फक्त ‘प्रोसेसिंग फी’ २,९५०, तीही रिफंडबरोबर परत मिळणार. क्यूआर कोड आला, पिन टाकला, पैसे गेले आणि नंबर बंद. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसवा. परतावा द्यायला पैसे मागणारा चोरच असतो.

आणि आता खरा संताप. बँकेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, ‘व्यवहार तुम्हीच केलाय, पिन तुमचा आहे.’ ऑनलाइन व्यवहारात पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारं ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे ना, असं म्हटलं तर म्हणे ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. म्हणजे चोराने परस्पर काढले तर दाद, चोराने गोड बोलून काढून घेतले तर नाही. निदान समोरच्या खात्याच्या बँकेला एक मेल टाका, म्हटलं. ‘वरिष्ठ रजेवर आहेत.’ पैसे ज्या खात्यात गेले ते कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाचं आहे, वैद्याचं नाहीच, हे मी स्टेटमेंटवर बोट ठेवून दाखवत होते. त्याने स्टेटमेंट माझ्याकडे सरकवलं.

पोलीस ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं. मग एक जण म्हणाला, ‘मॅडम, इथे चाळीस-चाळीस लाखांच्या केसेस पडल्यात.’ चाळीस लाखवाल्याचे चोर पकडलेत का मग? दुसऱ्याने हसून विचारलं, ‘औषध घेतलंत ना, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली?’ शेवटी पार्सल दुसऱ्या राज्यातून आलंय म्हणून आमची हद्द नाही, असं सांगून वाटेला लावलं. हद्दीचं कारण सांगता येत नाही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी घरी येऊन वाचलं. जाताना वाचून, छापून सोबत न्या. तोंडी सांगून तिथे कुणी ऐकत नाही.

औषधांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात तर कहरच. मोतीबिंदू बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषध व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, बाटली, बिल म्हणून आलेला तो कागद, सगळं घेऊन गेले. साहेबांनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘उत्पादकाचा पत्ताच नाही यावर, कारवाई कुणावर करणार?’ पत्ता नाही हाच तर गुन्हा! पत्ता छापणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराला नोटीस आणि न छापणारा मोकळा? बाटली तपासणीला तरी पाठवा म्हटलं, तर उघडलेला नमुना चालत नाही. तेव्हा पार्सल फोडताना व्हिडिओ काढा आणि काही गडबड वाटली तर निदान एक बाटली सीलबंद ठेवा.

पैसे गेल्याचं कळताक्षणी, अक्षरशः त्याच मिनिटाला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येतात, नंतर नाही. मी आधी त्या वैद्याला विनवण्या करण्यात वेळ घालवला, कारण मला वाटलं होतं माणूस आहे, समजून घेईल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून स्वतः बाहेर पडू नका, त्यांनी काढायच्या आत सगळ्या गप्पा एक्सपोर्ट करून ठेवा. माझ्याकडे अर्ध्याच उरल्या.

डोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टरांनी अर्ध्या तासात जवळचा नंबर काढला, +१.७५. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे, तिरपा नंबर नाही, म्हणून साधा तयार चष्माही चालेल म्हणाले. पहिल्या दिवशी तो लावून गुणांचा तक्ता उघडला आणि प्रत्येक ८ हा ८ च दिसला. चाळिशीनंतर नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यातला दाब आणि पडदाही तपासून घ्या, काचबिंदू आधी कळवत नाही. आणि ज्यांना ‘चष्मा बंद करा, डोळे मजबूत होतील’ सांगितलं जातंय आणि जे गाडी चालवतात, रात्री औषधांच्या पट्ट्या वाचून गोळ्या देतात, त्यांनी तर आजच चष्मा परत लावावा.

ठाणेदाराने नोंद घेतली नाही तर त्याच कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. मी सगळा हिशेब, दोन्ही कार्डांचे फोटो आणि खात्याचा नंबर जोडून स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला आहे. पोच मिळाली आहे. जाहिरात अजून सुरू आहे, नाव बदललंय, सुईत दोरा ओवणाऱ्या त्याच आजीबाईंचा फोटो आहे. तुमच्याकडून कुणी ४९९ घेतले असतील तर रक्कम छोटी म्हणून गप्प बसू नका. तुमच्या जिल्ह्याच्या अधीक्षकांना असाच अर्ज टाका आणि त्यात पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर नक्की लिहा. एकाच खात्याच्या तक्रारी चार जिल्ह्यांतून गेल्या की हद्दीचं कारण पुढे करणं त्यांना जड जाईल.