चाळीस लाखांत नागपुरात घर: पिपळ्याचा प्लॉट, बेलतरोडीचा नवा फ्लॅट की मानेवाड्याचा जुना?

गेल्या महिन्यात चुलत बहिणीची मुलगी आणि जावई घरी आले. दोघंही नोकरीत, पदरी दहा लाख, बँकेकडून तीस लाख मिळण्यासारखे. तीन जागा पाहून ठेवलेल्या. पिपळ्याच्या बाजूला हजार फुटांचा प्लॉट २० लाखांत, बेलतरोडी रस्त्यावर बांधकाम सुरू असलेला टू बीएचके ३८ लाखांत आणि मानेवाड्यात बारा वर्षं जुना टू बीएचके ३४ लाखांत. "मामा, तुम्ही रोज हेच बघता, आम्हाला फक्त सांगा कोणतं घेऊ."

मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. हातात टेप, बगलेत फाईल, रोज दोन-तीन घरं. त्या दोघांना जे सांगितलं तेच इथे मांडतोय, कारण नागपुरात हाच पेच शेकडो घरांत आहे. मुंबई-पुण्याच्या मानाने इथे पगारदार माणसाला अजून घर परवडतं. म्हणूनच लोक घाईत निर्णय घेतात आणि नंतर कागदात अडकतात.

तिन्ही जागांना मी एकच प्रश्न लावला. उद्या हे घर विकायला काढलं, तर घेणाऱ्याला राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देईल का? देणार असेल तर तुमच्या घराला किंमत आहे. नसेल तर रोखीवाला गिऱ्हाईक शोधत बसाल आणि तो तुमचा भाव पाडेल.

पैशाचा खरा आकडा

जाहिरातीतला आकडा आणि शेवटी खिशातून जाणारा आकडा यांत बरंच अंतर पडतं. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के धरा. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. विक्रीपत्र फक्त बाईच्या नावानं केलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. ३४ लाखांच्या घरात हे ३४ हजार रुपये होतात.

जुना फ्लॅट: ३४ लाख, त्यावर मुद्रांक आणि नोंदणी पावणेतीन लाखांच्या आत. गच्चीची गळती, वायरिंग, रंग यांना अडीच लाख धरा. एकूण साडेएकोणचाळीसच्या आत बसतं. जीएसटी नाही.

नवा फ्लॅट: ३८ लाख, सात टक्क्यांनी मुद्रांक २ लाख ६६ हजार, नोंदणी ३० हजार. वर जीएसटी. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. म्हणजे एक्केचाळीसच्या वर गेलो. पार्किंग, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम आणि ताबा मिळेपर्यंतचं घरभाडं यात धरलेलं नाही.

प्लॉट: २० लाखांच्या जमिनीवर रजिस्ट्रीचे एक लाख साठ हजार. साडेआठशे फूट बांधकाम, दर चौरस फुटाला दोन हजार धरले तर सतरा लाख. बोअर, कंपाउंड, मीटर, नकाशा मंजुरी मिळून अडीच. हे झाले एक्केचाळीसच्या थोडं वर, आणि बांधकामाच्या वर्षभरात भाडं सुरूच.

म्हणजे तिन्ही पर्याय दोन-तीन लाखांच्या फरकात आहेत. "प्लॉट स्वस्त पडतो" हे वाक्य नागपुरात अजून चालतं, पण बांधकामाचा खर्च जोडला की ते टिकत नाही.

कर्जाचंही पाहून घ्या. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच जाते. आठ-साडेआठ टक्क्यांनी तीस लाखांचा वीस वर्षांचा हप्ता पंचवीस-सव्वीस हजार येतो. भाड्यानं देऊन हप्ता काढू, हा हिशेब इथे जमत नाही. नागपुरात भाडी कमी आहेत. राहायला घेत असाल तरच घ्या.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाचं अनुदान आहे. घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंतचं, अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. भाचीच्या घरात दोन पगार असल्यानं ती यात बसली नाही. तुम्ही बसत असाल तर ३४ लाखांचा जुना फ्लॅट आणि ३८ लाखांचा नवा यांतला निर्णय इथेच लागू शकतो.

प्लॉट: कागदाचं जंगल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच बुडालेली पाहिली आहेत.

नागपूर ले-आऊटवर वाढलं. खसऱ्याचे, म्हणजे शेतजमिनीच्या सर्व्हे क्रमांकाचे, तुकडे करून, मधून मुरमाचा रस्ता काढून, चुन्याच्या रेघा मारून हजारो प्लॉट विकले गेले. पुष्कळ ठिकाणी मंजुरी नव्हती. नागपूर सुधार प्रन्यास या शहर नियोजनाच्या संस्थेनं '५७२' आणि '१९००' या नावांनी ओळखले जाणारे ले-आऊट नियमित करायला घेतले, तेव्हा प्लॉट नियमित झाल्याचं 'आर.एल.' हे दोन अक्षरांचं पत्र घराघरांत परवलीचं झालं. गुंठेवारीचा, म्हणजे असे मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या अशा वस्त्यांना नियमित होण्याची वाट दिली. शहराबाहेरचा भाग २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे.

विकणारा म्हणतो, "भाऊ, आर.एल.चा अर्ज टाकून ठेवला आहे, दोन महिन्यात येऊन राह्यलं." अर्ज आणि आर.एल. यांत आयुष्याचा फरक आहे. माझ्या धाकट्या भावानं असाच "येऊन राहिलेला" प्लॉट एका गृहनिर्माण संस्थेकडून घेतला होता. अकरा वर्षं झाली. विकास शुल्काची मागणी येते, आर.एल. येत नाही, आणि त्या कागदावर कोणती बँक कर्ज देत नाही. आई अजून विचारते, घर कधी बांधतो म्हणून.

म्हणून प्लॉट बघायला जाण्याआधी घरी बसून ही कागदं मागा: एन.ए.चा (जमीन बिगरशेती झाल्याचा) आदेश, मंजूर नकाशा, आर.एल., सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मागच्या तीस वर्षांत जागा कुणाकुणाच्या नावे होती याचा सर्च रिपोर्ट. प्रत्येक कागदावर मौजा, खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक एकच आहे ना, हे बोट ठेवून वाचा. विकास आराखड्यात त्या खसऱ्यावर खेळाचं मैदान किंवा रस्त्याचं आरक्षण नाही ना, हे झोन दाखल्यावरून कळतं. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या नव्या ले-आऊटलाही महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मग जागेवर जा, आणि टेप घेऊन जा. पिपळ्याच्या त्या प्लॉटवर मी भाचीसोबत गेलो. नकाशावर चार कोपऱ्यांना चार दगड दाखवले होते. आम्हाला दोनच सापडले. तिसऱ्याच्या जागी शेजाऱ्याच्या कंपाउंडचा खांब होता. मोजल्यावर समोरची बाजू पंचवीसऐवजी सव्वातेवीस फूट भरली. मधला माणूस म्हणाला, "इतकं तर चालतंच." पावणेदोन फूट गुणिले चाळीस फूट खोली, दोन हजार रुपये फुटाचा भाव. एक लाख चाळीस हजारांची जमीन होती ती.

आणि माती. दक्षिण नागपुरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, वरचं घर हलवते. अशा जागी पाया नीट घ्यायचा तर खर्च वाढतो, म्हणून बांधण्याआधी जमिनीची चाचणी करून घ्या. मागे हुडकेश्वरला एका बंगल्यात गेलो होतो. पेन्शनर मालकानं बेडरूमच्या भिंतीतल्या भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख टाकलेली, मग पुढच्या वर्षी जिथवर भेग गेली तिथे दुसरी रेघ. सात रेघा होत्या. त्यांनी काहीच लपवलं नाही, उलट स्वतः पडदा सारून दाखवलं. घर चांगलं होतं, पाया उथळ होता. मला त्यांच्या घराची किंमत कमी लिहावी लागली आणि तो दिवस अजून आठवतो.

प्लॉट कुणी घ्यावा? ज्यांना पाच वर्षं घाई नाही, बांधकामावर रोज उभं राहायला घरात कुणीतरी आहे आणि कागद पूर्ण आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. जमीन तुमची, वर मजला चढवता येतो, आईवडिलांना खाली ठेवता येतं. हे सुख फ्लॅटमध्ये नाही.

नवा फ्लॅट

इथे कायदा तुमच्या बाजूनं आहे. मे २०१७ पासून महारेरा आहे. नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, ताब्याची तारीख बघा, ती किती वेळा पुढे ढकलली तेही बघा. दहा टक्क्यांहून जास्त रक्कम द्यायची तर आधी करारनामा नोंदवायला लागतो. "आधी निम्मे द्या, करारनामा दिवाळीनंतर करू" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. भाव नेहमी कार्पेटवर बोला. बांधकामात दोष निघाला तर ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी असते.

बेलतरोडीच्या इमारतीचा नोंदणी क्रमांक, नकाशा, सगळं चोख होतं. माझी अडचण पाण्याची. महापालिकेच्या हद्दीत पेंचचं पाणी नळाला येतं. हद्दीबाहेरच्या वस्त्यांत बोअर आणि टँकरवर दिवस काढणारी कुटुंबं मी दर एप्रिल-मेमध्ये पाहतो. माहितीपत्रकात जिम आणि क्लब हाऊस रंगीत छापलेलं असतं, पाण्याचं एक वाक्य नसतं. शेजारच्या, आधीच राहायला आलेल्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. त्याच्याइतकं खरं उत्तर तुम्हाला विक्री कार्यालयात मिळणार नाही.

मेट्रोच्या नावानं भाव लावला जातो, तेही तपासा. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसीकडे जाणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे आजच्या भावात मागितले जातात. स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघा.

जुना फ्लॅट

मला हा पर्याय सगळ्यात जास्त पटतो. याचं कारण साधं आहे: जे घ्यायचं ते समोर उभं आहे. ओल दिसते, लिफ्टचा आवाज ऐकू येतो, शेजारी कळतात, नळ उघडून बघता येतो.

पण कागद इथेही आहेतच. नागपुरात बहुतेक इमारती मुंबईसारख्या सोसायटीत नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. म्हणून 'डीड ऑफ डिक्लरेशन', म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणल्याचा नोंदवलेला दस्त, मागा आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा किती टक्के आहे ते वाचा. इमारत कधी पाडून बांधायची झाली तर तुमच्याकडे तेवढंच उरतं. भोगवटा प्रमाणपत्र हवंच. मंजूर नकाशात किती मजले आहेत आणि खाली उभं राहून किती मोजता येतात, हे जुळवा. सगळ्यात वरचा मजला मंजुरीबाहेरचा निघालेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे. जागा प्रन्यासच्या किंवा नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) लीजवर असेल तर लीजची मुदत, थकलेलं भूभाडं आणि हस्तांतरणाचा खर्च कोण देणार हे बयाण्याआधी ठरवा, इसारपत्रात लिहून घ्या. घरटॅक्स, पाणीपट्टी, मेंटेनन्स आणि महावितरणचं बिल, चारही कोरे करून मागा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत आहेत, ते सुटल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नागपुरात घर दोनदा पाहावं. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत भिंतीला तळहात लावून. पंचेचाळीस अंशांत ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते आणि कूलर हरतो. दुसऱ्यांदा जोराच्या पावसात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि अंबाझरी ले-आऊट, कार्पोरेशन कॉलनीसारख्या चांगल्या वस्त्यांत तळमजले बुडाले. त्या आठवड्यात मी चिखलात भिजलेली विक्रीपत्रं उन्हात वाळत घातलेली पाहिली. नाल्याच्या काठचा तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

विकणाऱ्यांसाठी एवढंच: जुनं घर विकून नवं घेणार असाल, तर नफ्यावरच्या कराचा हिशेब व्यवहाराआधी सीएकडून करून घ्या. नवं घर दोन वर्षांत घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो, त्याचा वाद रजिस्ट्री कार्यालयाच्या बाकावर घालू नका. आणि भाव सांगण्याआधी आपली फाईल लावा. पूर्ण फाईल असलेलं घर पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांत जातं.

भाची-जावयानं पिपळा सोडला, बेलतरोडीही बाजूला ठेवली. मानेवाड्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी पूर्वेला, भोगवटा प्रमाणपत्र जागेवर आहे, अविभक्त हिस्सा सव्वाआठ टक्के. पितृपक्षात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, मालक ३४ वरून साडेबत्तीसवर आले. बयाणा अजून दिलेला नाही. रविवारी पहाटे पाणी यायच्या वेळी आम्ही तिघं तिथे जाणार आहोत, बादली आणि घड्याळ घेऊन.