कोडची शैली: आग्रह किती धरायचा?

स्वतःचं छोटं ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवणाऱ्याला पहिली परकी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, आली की हा प्रश्न दारात येऊन उभा राहतोच. टॅब की स्पेस, ओळ किती लांब, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, आणि पाळलं नाही तर काय करायचं? ढोबळमानाने तीन वाटा आहेत. नियम लिहून ठेवायचे आणि चुकलेल्याला माणसाने सांगायचं. लिंटर, म्हणजे नियम तपासणारा प्रोग्राम, लावायचा आणि नियम मोडला की मर्ज, म्हणजे बदल कोडमध्ये मिसळणं, अडवायचं. किंवा सगळं फॉरमॅटरवर, म्हणजे कोड आपोआप ठरल्या शैलीत मांडणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवून मोकळं व्हायचं.

पहिली वाट जुन्या, मोठ्या प्रोजेक्टांची. पायथन भाषेच्या शैलीचे नियम सांगणारा पेप ८ हा दस्तऐवज २००१ सालचा. त्यातली ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. नियमामुळे कोड वाचायला अवघड होत असेल तर नियम सोडा, हेही त्यातच लिहिलंय, ते मात्र कुणाला आठवत नाही. लिनक्स कर्नलमध्ये टॅब ८ रकान्यांचा, ओळ शक्यतो ८० रकान्यांची. चेकपॅच ही स्क्रिप्ट चुका दाखवते, पण शेवटचा शब्द मेंटेनरचा, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याचा. २०२० मध्ये तिची लांबीबद्दलची कुरकुरही ८० वरून १०० वर नेली गेली. तिथे हे निभतं, कारण तपासणारे पुष्कळ आणि मुरलेले. आपल्याकडे रविवारी हुमण-भात जेवून एकटा माणूस रिव्ह्यूला बसतो. त्याने दहातले आठ शेरे स्पेसवर खर्च केले तर खरी चूक डोळ्यांदेखत निसटते.

दुसऱ्या वाटेने मी हात पोळून घेतलेत. गोव्यातल्या गावांची नावं देवनागरीतून रोमनमध्ये नेणारं माझं एक छोटं प्रोजेक्ट आहे. डिचोलीचं ‘बिचोलिम’ कुठल्याच लिप्यंतराच्या नियमाने होत नाही, म्हणून नावांची यादीच ठेवावी लागते. फोंड्याच्या एका विद्यार्थ्याने चार ओळींची दुरुस्ती पाठवली. ‘केपें’वरचा अनुस्वार गळत होता, तो त्याने धरला. चाचण्या सगळ्या हिरव्या, आणि लिंटर लाल: ओळ लांब. स्क्रीनवर तर ओळ आखूडच दिसत होती. मग उलगडा झाला. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, लिंटर मोजतो चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घातलेली मर्यादा देवनागरीला दंड करत होती. “सर, बग गेला ना? मग तांबडी फुली कसली?” असं त्याने विचारलं. मी सेटिंग बदलेपर्यंत त्याची परीक्षा आली, आणि पोरगा काही परतला नाही.

म्हणून अडवणूक वाईटच, असं मात्र नाही. अ‍ॅपलच्या एसएसएल कोडमध्ये, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये, ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती, हे २०१४ मध्ये उघड झालं. इफ या अटीला महिरपी कंस नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ कायमच चालायची आणि पुढची तपासणी टळायची. इंडेंटेशन असं होतं की दोन्ही ओळी इफच्या आतल्याच वाटाव्यात. कंस सक्तीचे करणं, न वापरलेलं किंवा न घोषित केलेलं नाव पकडणं, अशा नियमांवर खुशाल मर्ज अडवा. अवतरणचिन्हांवर नको.

तिसरी वाट मला सगळ्यात स्वस्त वाटते. गो भाषेसोबत गोफमट हा फॉरमॅटर आला आणि तिथला टॅब-स्पेसचा वाद मिटल्यात जमा झाला. गोफमटची शैली कुणाचीच लाडकी नाही, पण गोफमट सगळ्यांचा लाडका, असं गो भाषेच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक म्हणतात ते खरं आहे. पायथनमध्ये २०१८ पासून ब्लॅक हा फॉरमॅटर आहे: ओळ ८८ अक्षरांची, बदलायला फारसं काही ठेवलेलंच नाही. पायथनमधलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क असलेल्या जँगोने २०२२ मध्ये आपला सगळा कोड त्यातून काढला. तोटेही आहेत. गावांची यादी मी हाताने रकान्यांत लावली होती, ती ब्लॅकने एका फटक्यात विस्कटली. शेवटी तेवढ्या भागापुरता तो बंद करणारी टिप्पणी टाकली. शिवाय त्या एका कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, सगळ्या ओळी माझ्या नावावर चढल्या. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, अशी कमिट्स एका फाइलमध्ये लिहून ब्लेममधून, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली हे दाखवणाऱ्या यादीतून, वगळता येतात. ती फाइल पहिल्याच दिवशी ठेवा.

शिकाऊ मुलं कोड पाठवणार असतील तर तिसरी वाटच धरा, पण फॉरमॅटर त्यांच्या वाटेत उभा करू नका. मी तो मर्ज करताना स्वतःच चालवतो. सी मधलं जुनं प्रोजेक्ट असेल, अडकलेले पॅच, म्हणजे पाठवलेले बदल, ढीगभर असतील, तर पहिल्या वाटेवरच राहा आणि क्लँग-फॉरमॅट हा सी चा फॉरमॅटर फक्त बदललेल्या ओळींवर चालवा. व्हेरिएबलला दिलेलं नाव किंवा भलतंच लांबलेलं फंक्शन यावर मात्र माणसानेच बोलावं, तेही एका वाक्यात.

सगळा कोड एकदम बदलणार असाल तर आधी पडून असलेल्या पुल रिक्वेस्ट निकालात काढा, नाहीतर प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट येतील. मी चवथीचा आठवडा गाठला. घरोघरी गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायची गडबड असताना कोड पाठवायला कोण बसतंय!