लास व्हेगासच्या कॅसिनोतील समुद्री खाद्याचे काउंटर: 18 आसने आणि पावणेदोन तासांची रांग

लास व्हेगासच्या झगमगत्या मुख्य रस्त्यापासून थोड्या अंतरावर, जेथे पर्यटकांपेक्षा स्थानिक रहिवाशांची वर्दळ अधिक असते अशा एका कॅसिनोत, समुद्री खाद्यपदार्थांचे एक छोटे काउंटर आहे. ते दिवसरात्र उघडे असते. आसने अवघी 18 असून आगाऊ जागा राखून ठेवण्याची सोय नाही. शनिवारी संध्याकाळी सात वाजता मी पोहोचलो तेव्हा माझ्यापुढे सुमारे 40 माणसे उभी होती आणि मला आसन मिळाले तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

हा विलंब कर्मचाऱ्यांच्या सुस्तीमुळे होत नाही, हे काउंटरपाशी बसल्यावरच ध्यानात आले. समोर दुहेरी भिंतींची सहा भांडी ओळीने बसवलेली आहेत आणि त्या भिंतींमधील पोकळीत वाफ सोडली जाते. उघड्या आचेऐवजी ही सर्व बाजूंनी मिळणारी सम उष्णता असल्यामुळे मलई तळाला लागत नाही. मात्र एका भांड्यात एका वेळी एक किंवा फार तर दोनच वाडगे शिजतात. प्रत्येक ग्राहक साधारण पाऊण तास बसतो असे धरले, तर 18 आसनांवर तासाभरात 24 जणांचेच जेवण होऊ शकते. हा हिशेब आधी मांडला असता, तर रांगेतील माझी चिडचिड बरीच कमी झाली असती.

येथील ख्याती ‘पॅन रोस्ट’ या पदार्थाची आहे. नावात भाजणे असले तरी हा प्रत्यक्षात दाटसर रस्सा आहे, आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातील 1913 पासूनचे ऑयस्टर बार हे उपाहारगृह त्यासाठी प्रसिद्ध आहे. या काउंटरवर लोणी, कांदा, ढोबळी मिरची, शिंपल्यांचे पाणी, थोडे मद्य, टोमॅटो आणि मलई या क्रमाने भांड्यात पडतात. कोळंबी आणि खेकडा शेवटी घातल्यामुळे ते चिवट होत नाहीत. तिखटपणा शून्य ते दहा या मापाने विचारला जातो. मी सहा सांगितले, तरीही खेकड्याचा मूळ गोडवा झाकला गेला नाही, याचे मला विशेष वाटते. लॉब्स्टर मात्र जास्त शिजलेला होता आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. मध्यभागी ठेवलेली भाताची मूद रस्सा शोषून घेते, म्हणून ती सावकाश मोडावी.

कच्ची कालवे (ऑयस्टर) समोरच उघडून देतात. ती थंडगार होती आणि शिंपल्यातले पाणी सांडलेले नव्हते. यकृताचा विकार किंवा दुर्बल प्रतिकारशक्ती असलेल्यांनी ती टाळावीत, कारण कच्च्या कालवांतून व्हिब्रिओ जिवाणूंचा गंभीर संसर्ग होऊ शकतो.

माझी खरी तक्रार रांगेच्या जागेविषयी आहे. ती थेट जुगाराच्या यंत्रांमधून जाते. नेवाडा राज्याच्या 2006 च्या धूम्रपानविषयक कायद्यातून कॅसिनोतील जुगाराची जागा वगळलेली आहे, त्यामुळे पावणेदोन तास धुरात उभे राहावे लागते. वृद्धांसाठी एक बाकही नाही. शिवाय 21 वर्षांखालील व्यक्तींना जुगाराच्या जागेत रेंगाळण्यास कायद्याने मनाई असल्याने मुलांसह आलेल्या कुटुंबांची तेथे पंचाईत होते. नाव नोंदवून फोनवर निरोप देण्याची साधी व्यवस्था केली, तर आसने न वाढवताही हा त्रास संपेल, आणि इतके मन लावून शिजवणाऱ्या जागेने ती करायलाच हवी.

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मी पुन्हा गेलो. या वेळी 25 मिनिटांत आसन मिळाले, आचाऱ्याला भांड्यांविषयी चार प्रश्न विचारता आले आणि लॉब्स्टर वगळून मागवलेला वाडगा पहिल्याइतकाच उत्तम होता.