४६ आकाराचे इंजिन की चार सेलचा पॅक: एकाच विमानासाठी दोन्हींचा पडताळा

रेडिओ-नियंत्रित विमानासाठी शक्तीची निवड करताना बहुतेकांचा सारा वेळ मोटर किंवा इंजिन निवडण्यात जातो आणि बॅटरी मात्र शेवटी, मापात बसेल ती, अशा पद्धतीने घेतली जाते. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे मत आहे. चांगल्या कंपनीचे इंजिन आज घेतले काय किंवा चार वर्षांनी घेतले काय, ते जवळपास सारखेच निघते. पण एकाच क्षमतेचे आणि एकच आकडा छापलेले दोन बॅटरी पॅक एकाच विमानाला दोन वेगळी विमाने बनवू शकतात. तुलनेसाठी येथे अडीच किलो वजनाचे, पंख धडाच्या वर बसवलेले साधे ट्रेनर (शिकाऊंसाठीचे विमान) धरले आहे. एका बाजूला ओ.एस. या जपानी कंपनीचे ४६ एएक्स हे ग्लो इंजिन आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच ताकदीची म्हणून ओळखली जाणारी ‘पॉवर ४६’ गटातली आउटरनर (बाहेरचे कवच फिरणारी) मोटर, चार सेलच्या ४००० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर पॅकसह.

आधी इंजिन. ४६ एएक्सचा बोअर २२ मिलिमीटर आणि स्ट्रोक १९.६ मिलिमीटर आहे, म्हणजे घनफळ साधारण ७.४५ सीसी (०.४६ घन इंच, नावातला ४६ तोच), मफलर धरून वजन अर्ध्या किलोच्या जरा आत राहते. या आकाराच्या ट्रेनरवर ११×६ प्रॉपेलर (११ इंच व्यास, ६ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर) लावला की इंजिन ना घुसमटते ना उधळते. ग्लो इंजिनाला ठिणगीची व्यवस्था लागत नाही. सुरू करताना प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावून तार तापवायची, आणि एकदा इंजिन चालू झाले की प्लगच्या तारेतले प्लॅटिनम आणि इंधनातले मिथेनॉल यांच्या रासायनिक क्रियेमुळे तार स्वतःच लाल राहते. या साधेपणाचे मोल मात्र इंधनात मोजावे लागते. मिथेनॉलच्या एका भागाला ज्वलनासाठी सुमारे ६.४ भाग हवा पुरते, तर पेट्रोलला १४.७ भाग लागते. म्हणून ग्लो इंजिन इंधन अक्षरशः पिते, आणि त्यात मिसळलेले पंधरा-वीस टक्के तेल मफलरमधून बाहेर पडून पंखांवर, शेपटीवर आणि उडवणाऱ्याच्या कपड्यांवर बसते. ज्यांना उड्डाण संपल्यावर फडके आणि साबणाचे पाणी घेऊन बसणे नकोसे वाटते, त्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे.

या इंजिनाची खरी परीक्षा सुई (हवेत किती इंधन मिसळावे ते ठरवणारा स्क्रू) लावताना होते आणि इथेच ते मला मनापासून आवडते. थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रॉपेलरच्या मागे उभे राहून सुई हळूहळू आत फिरवत गेले की आधी जड, तुटक, फोर-स्ट्रोकसारखा येणारा आवाज एका ठिकाणी एकदम सलग आणि तीक्ष्ण होतो. तिथे मोह आवरून सुई थोडी परत बाहेर घ्यायची. मग विमानाचे नाक हाताने सरळ आकाशाकडे धरायचे: आवाज किंचित चढला आणि तसाच टिकला, तर मिश्रण बरोबर आहे, आवाज दबला, तर मिश्रण पातळ (इंधन कमी) आहे आणि हे इंजिन चढणीवर बंद पडणार, हे जमिनीवरच कळते. उडताना मागे धुराची बारीक रेघ सतत दिसली पाहिजे. ४६ एएक्सचा मोठा गुण असा की एकदा नीट लागलेली सुई ते बराच काळ धरून ठेवते. हवामान फारच बदलले तर दोन-चार खटके इकडे-तिकडे करावे लागतात, एवढेच. नव्या इंजिनाला सुरुवातीला थोड्या जाड (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर, मधूनमधून थंड होऊ देत, काही टाक्या जाळाव्या लागतात. या प्रकारच्या इंजिनात सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, त्यामुळे नवे, थंड इंजिन हाताने फिरवताना वर अडकल्यासारखे वाटते. तो दोष नाही. ती घट्ट पकड म्हणजेच पुढचे आयुष्य होय, आणि ती सैल करण्याच्या नादात थंड इंजिन उगाच फिरवत बसू नये.

इंधनात नायट्रोमिथेन किती असावे, यावर हौशी मंडळींत न संपणारा वाद चालतो. ट्रेनरसाठी पाच ते दहा टक्के पुरेसे आहे. त्याने आयडलिंग स्थिर राहते आणि सुई लावायला सोपी जाते. त्याहून जास्त घालून शक्ती वाढते खरी, पण अशा विमानावर ती वापरायला जागाच नसते. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा. आणि दिवसाअखेर टाकी रिकामी करून, इंजिनातले उरलेले इंधन जाळून टाकून, आत तेलाचे थेंब सोडावेत, नाहीतर बेअरिंग गंजतात. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही, हेही सुरुवातीच्या माणसाला कुणीतरी सांगायलाच हवे.

आता मोटर. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे आणि तेच तिचे यश आहे. या गटातली मोटर सुमारे ६७० केव्हीची असते, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे घेते, आणि तिचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. केव्ही हा आकडा ताकदीचा आहे, असा गैरसमज सर्रास दिसतो. केव्ही कमी असेल तर मोठा प्रॉपेलर हळू फिरवायचा, जास्त असेल तर लहान प्रॉपेलर वेगाने फिरवायचा, एवढाच त्याचा अर्थ. ताकद ठरते ती मोटर न तापता किती वॅट पचवू शकते यावरून. ट्रेनरला दर किलोला दीडशे ते दोनशे वॅट पुरतात, थोडी कसरत करायची असेल तर सव्वादोनशे ते अडीचशे हवेत. म्हणजे अडीच किलोच्या विमानाला सहाशे वॅट ही समाधानकारक मर्यादा झाली, आणि चार सेलच्या पॅकवर त्यासाठी पूर्ण थ्रॉटलला सुमारे पंचेचाळीस ॲम्पिअर लागतात. ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) साठ ॲम्पिअरचा घ्यावा. प्रॉपेलर बदलताना वॅटमीटर लावल्याशिवाय उडू नये, कारण प्रॉपेलरचा भार व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: फेरे तेवढेच ठेवून दहा इंचाच्या जागी अकरा इंचाचा लावला, तर भार जवळपास दीडपट होतो. दिसायला एका इंचाचा फरक आणि जळालेला ईएससी, हा प्रसंग मैदानावर नवा नाही.

मुख्य मुद्दा येथून पुढे आहे, तो पॅकचा. दुकानात प्रत्येक पॅकवर ठळक अक्षरांत सी-रेटिंग (क्षमतेच्या किती पट प्रवाह पॅक देऊ शकतो तो आकडा) छापलेले असते: ३०, ४५, ६५ आणि हल्ली तर शंभरच्याही पुढे. ४००० एमएएचच्या पॅकवर ६५ सी लिहिले असेल, तर त्याचा सरळ अर्थ असा की तो सतत २६० ॲम्पिअर देईल आणि पंचावन्न सेकंदांत रिकामा होईल. त्याच पॅकला लावलेला एक्सटी ६० कनेक्टर नावाप्रमाणे साठ ॲम्पिअरचा असतो, म्हणजे पॅकचा दावा त्याच्याच तोंडावर खोटा ठरतो. मी घेतलेल्या एका पॅकवर मोठा आकडा होता आणि वजन त्याच क्षमतेच्या इतर पॅकपेक्षा ठळकपणे कमी. थोड्याच उड्डाणांत तो मधोमध फुगला आणि विक्रेत्याने ‘वापर जास्त झाला’ एवढेच उत्तर दिले. तेव्हापासून छापलेला आकडा मी वाचतही नाही. तराजूवर ठेवलेले वजन आणि चार्जरने मोजलेला अंतर्गत रोध (पॅकच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा), या दोन गोष्टी खरे बोलतात. चार सेलचा ४००० एमएएच पॅक चारशे ग्रॅमच्या बराच खाली जात असेल, तर आत काहीतरी कमी भरले आहे, असे समजावे.

अंतर्गत रोध हा शब्द जड वाटला तरी त्याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या पॅकमध्ये या आकाराच्या सेलचा रोध चारच्या आसपास मिलिओहम असतो. पंचेचाळीस ॲम्पिअरला चार सेलमध्ये मिळून ०.७२ व्होल्ट आतच पडतात आणि बत्तीस वॅट उष्णता होते. उतरल्यावर पॅक हाताला कोमट लागतो, बस. तोच रोध बारा मिलिओहम झाला की व्होल्टेजची घट दोन व्होल्टच्या घरात जाते, ऐंशीहून अधिक वॅट पॅकलाच तापवण्यात खर्च होतात, प्रॉपेलरला मिळणारी शक्ती पंधरा-वीस टक्क्यांनी घसरते आणि उडवणारा मोटरला दोष देत बसतो. माप घेताना पॅक नेहमी सारख्याच तापमानाला असावा, कारण थंडीत रोध वाढलेला दिसतो. नवा पॅक आणल्या दिवशीच प्रत्येक सेलचा रोध पट्टी चिकटवून तिच्यावर लिहून ठेवावा. आकडा दुप्पट झाला की तो पॅक ट्रेनरवरून काढून हलक्या विमानाला द्यावा.

उतरल्यावर सेल तपासणाऱ्या छोट्या यंत्रावरही बरेच काही वाचता येते. चारही सेल ३.७५ च्या आसपास, एकमेकांपासून शंभराव्या भागाच्या फरकाने असतील, तर सारे ठीक. तीन सेल ३.७८ आणि एक ३.६१ दिसत असेल, तर पॅकची क्षमता त्या एका सेलएवढीच उरली आहे. बॅलन्स चार्जिंगने (सगळे सेल सारख्या व्होल्टला आणत भरल्याने) तो वर आणता येतो, पण बरा होत नाही. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि भाराखाली तो तीनच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. प्रत्यक्षात ऐंशी टक्के क्षमता वापरून उतरावे, आणि टायमर त्या हिशेबाने लावावा. चार सेलच्या ४००० एमएएच पॅकमध्ये सुमारे ५९ वॅट-तास असतात. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे ४७, आणि ट्रेनर सरासरी तीनशे वॅटवर उडतो असे धरले तर नऊ मिनिटे मिळतात. ४६ एएक्स तीनशे मिलिलिटरच्या टाकीवर याहून थोडे अधिक उडते, आणि पुन्हा भरायला दोन मिनिटे लागतात. पॅकला एक सी वेगाने तासभर लागतो. म्हणून इलेक्ट्रिकचा विचार करणाऱ्याने तीन पॅक गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा. एका पॅकवर घेतलेला अंदाज म्हणजे टाकीशिवाय घेतलेले इंजिन.

घरी ठेवताना सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावेत. उद्या उडायचे म्हणून भरलेला आणि पाऊस आला म्हणून आठवडाभर तसाच राहिलेला पॅक जितका लवकर म्हातारा होतो, तितका उडवून होत नाही. फुगलेला किंवा आपटलेला पॅक चार्ज करू नये. चार्जिंग नेहमी न जळणाऱ्या पृष्ठभागावर आणि नजरेसमोर व्हावे.

लिथियम-आयन सेलचे पॅक हल्ली या छंदातही शिरले आहेत आणि त्यांच्याबद्दलचा उत्साह अर्धाच योग्य आहे. ४२०० एमएएचचा, २१७०० या मापाचा एक सेल सत्तर ग्रॅमचा असतो. म्हणजे चार सेलमध्ये, तारा सोडून, २८० ग्रॅममध्ये लिपोच्या चारशे ग्रॅमइतकीच ऊर्जा. पण चाळीस-पंचेचाळीस ॲम्पिअर ओढले की त्याचे व्होल्ट झपाट्याने खाली येतात आणि सेल चांगलेच तापतात. ग्लायडरला किंवा संथ, दीर्घ उड्डाणाच्या विमानाला हा पॅक उत्तम; उड्डाण घेताना पूर्ण थ्रॉटल मागणाऱ्या ट्रेनरला मी तो देणार नाही.

पेट्रोल इंजिनाचा प्रश्न या आकारात फारसा येत नाही. वीस सीसीचे डीएलई २० सारखे इंजिन १६×८ सारखा प्रॉपेलर फिरवते, त्याला चार-पाच किलोचे विमान हवे, आणि त्याचा कंप सहन करणारी मजबूत पुढची भिंत हवी. इंधनाची बचत मोठी आहे, पण इग्निशनची वेगळी बॅटरी आणि तिचा वेगळा स्विच आलाच.

आणि अखेर ती बॅटरी, जिचा इंजिनवाले सर्वांत कमी विचार करतात: रिसीव्हरची, म्हणजे विमानातल्या रेडिओ संदेश घेणाऱ्या भागाची. इलेक्ट्रिक विमानात ईएससीतला बीईसी (मुख्य पॅकमधून रिसीव्हरला वीज देणारा भाग) ते काम करतो, आणि सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) चारांहून जास्त असतील तर तो स्विचिंग प्रकारचा असावा. इंजिनाच्या विमानात मात्र ती स्वतंत्र असते. चार सेलची ४.८ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी जुन्या सर्व्होंना चालत असे. डिजिटल सर्व्हो एकदम खेचतात तेव्हा तिचे व्होल्ट इतके खाली येतात की रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तो क्षण विमानाला पुरतो. पाच सेलची घ्यावी, किंवा दोन सेलची ६.६ व्होल्टची लिथियम-आयर्न-फॉस्फेट घ्यावी. दुसरीचा एक तोटा आहे. तिचे व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतात, म्हणून नुसते मीटर लावून किती उरली हे कळत नाही. प्रत्येक दिवसानंतर चार्जरने परत किती एमएएच भरले ते पाहावे, त्याला उड्डाणांनी भागावे, आणि अर्धी क्षमता वापरली गेली की त्या दिवशी पुढचे उड्डाण घेऊ नये.