पॅकची रिबन, संघटनेची वर्गणी की स्वतःचा एक दिवस?

अमेरिकेत डॉक्टर म्हणून रेसिडेन्सी-फेलोशिप उरकून पहिली नोकरी धरली, की स्पेशालिटी संघटनेच्या वार्षिक परिषदेचा फॉर्म भरताना शेवटी एक चौकोन समोर येतो: पॅकसाठी, म्हणजे उमेदवारांना निवडणूक देणग्या देणाऱ्या संघटनेच्या पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटीसाठी, अमुक डॉलर. टिक केली की बॅजखाली रंगीत रिबन चिकटते. लिफ्टमध्ये काही वरिष्ठ मंडळी आधी रिबन बघतात, मग नाव वाचतात. फॉर्मवरचा आकडा नुसता सुचवलेला असतो. कमी द्या, जास्त द्या, नका देऊ, त्यावरून कुणी तुमचं वाकडं करू शकत नाही, आणि हे सदस्याला सांगणं कायद्यानेच संघटनेवर बंधनकारक आहे. ते बारीक अक्षरात असतं, एवढंच.

पहिला प्रश्न व्हिसाचा. एच-१बी किंवा जे-१वर असाल तर पॅकला किंवा उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. नवरा किंवा बायको अमेरिकी नागरिक असेल तर त्यांनी स्वतःच्या पैशातून द्यावेत; तुमचे पैसे त्यांच्या नावावर घालणं हा गुन्हा आहे. संघटनेची वर्गणी मात्र कुठल्याही व्हिसावर भरता येते, आणि खरं काम बरंचसं तिच्यातूनच होतं.

ते कसं, तर वर्गणीतून लॉबीस्टचे पगार निघतात, मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, दरवर्षीच्या दरप्रस्तावावर हरकतींची लांबलचक पत्रं लिहिली जातात, एखाद्या प्रोसिजरला किती वेळ नि मेहनत लागते याचे सर्व्हे होतात. कंटाळवाणं काम, पण दर ठरतात ते इथे. फक्त या पैशातला एक सेंटही लोकसभेच्या, म्हणजे तिकडच्या काँग्रेसच्या, उमेदवाराला देता येत नाही. कॉर्पोरेशनच्या पैशावर ही बंदी १९०७ पासून आहे. म्हणून संघटनेला वेगळी पेटी ठेवावी लागते, तीच पॅक. तिचा कार्यालयीन खर्च संघटना उचलू शकते, पण पेटीत पडणारे पैसे सदस्यांच्या वैयक्तिक खिशातलेच हवेत. माझा पहिला चेक आमच्या प्रॅक्टिसच्या खात्यावरचा होता. प्रॅक्टिस कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेली, त्यामुळे तो नम्र पत्रासह परत आला. सीएमई भत्त्यातून, म्हणजे मालक पुढच्या शिक्षणासाठी देतो त्या पैशातून, वसूल करायचा विचारही नको, मालकाने अशी भरपाई देणं बेकायदा आहे.

करसवलतीचं म्हणाल तर पॅकच्या देणगीवर ती शून्य. वर्गणीतला लॉबिइंगचा हिस्साही १९९३च्या कायद्यापासून वजा होत नाही, आणि पगारदार डॉक्टरला २०१८ पासून वर्गणीच वजा करता येत नाही. तेव्हा कर हा निकष सोडूनच द्या.

आता पॅक आणि थेट उमेदवार. एका व्यक्तीला पॅकला वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर देता येतात. प्रस्थापित पॅक एका उमेदवाराला एका निवडणुकीला ५,००० देऊ शकते. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आणि मुख्य निवडणूक वेगळी धरली की १०,०००. तुम्ही स्वतः थेट दिलेत तर २०२५-२६ साठी मर्यादा दर निवडणुकीला ३,५०० डॉलर. पॅकमध्ये दिलेले पैसे कुणाला जायचे हे तुम्ही ठरवत नाही. ते दोन्ही पक्षांना जातात, आणि मुख्यतः वेज अँड मीन्स, एनर्जी अँड कॉमर्स, सिनेट फायनान्स अशा मेडिकेअर हाताळणाऱ्या समित्यांवरच्यांना. ज्याचं गर्भपातावरचं किंवा इमिग्रेशनवरचं मत ऐकून तुमचं डोकं तापतं, त्याच्याही खात्यात तुमचे पन्नास डॉलर जाऊ शकतात. हे पचत नसेल तर पॅकला देऊ नका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? पॅक विकत घेते ती भेटीची वेळ, तत्त्व नव्हे. वर्षात एकूण २०० डॉलरच्या वर गेलात की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी देणारी संस्था फेडरल इलेक्शन कमिशनच्या नोंदीत जाते. कुणालाही ती ऑनलाइन शोधता येते, तुमच्या पेशंटलाही.

मग एवढं करून मिळालं काय? १९९७च्या कायद्यातल्या एसजीआर या खर्चाला लगाम घालणाऱ्या सूत्राने डॉक्टरांचे मेडिकेअर दर सारखे कापायला घेतले. काँग्रेसने सतरा वेळा ठिगळं लावली आणि एप्रिल २०१५ मध्ये ते सूत्र एकदाचं गेलं. संघटना हे यश मिरवतात, आणि मिरवावंही. पण नव्या कायद्यात २०२० ते २०२५ साठी दरवाढ शून्य होती. मेडिकेअरचा कन्व्हर्जन फॅक्टर, म्हणजे प्रत्येक कामाच्या गुणांना ज्याने गुणून दर काढतात तो डॉलरचा आकडा, २००१ मध्ये ३८.२६ डॉलर होता, २०२५ मध्ये ३२.३५, महागाई त्यात धरलेलीच नाही. पॅक नसत्या तर याहून वाईट झालं असतं का? असेलही. सिद्ध कोण करणार?

मोठ्या एएमएच्या (अमेरिकन मेडिकल असोसिएशन, सगळ्या डॉक्टरांची संघटना) पॅकला, म्हणजे १९६१ पासूनच्या अ‍ॅम्पॅकला द्यावं की स्वतःच्या स्पेशालिटीला, हा प्रश्न माझ्या मते खरा अवघड. मेडिकेअरच्या दरांत बदल करताना खर्च २ कोटी डॉलरच्या वर हलला की बाकीच्यांचं कापून तोल साधावा लागतो. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात. २०२१ मध्ये ओपीडी भेटीचे दर वाढवले, फॅमिली मेडिसिनवाले सुखावले, आणि फॅक्टर ३६.०९ वरून ३२.४१ ठरला. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट सगळे काँग्रेसकडे धावले, तेव्हा कुठे तो ३४.८९ वर आला. अशा भांडणात एएमएला एका बाजूने बोलणं जड जातं, कारण दोन्ही बाजू तिच्याच छत्राखाली. एकूण दर, प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी) अशा सगळ्यांच्या दुखण्यांवर तिचा आवाज मोठा. तुमच्या ताटातल्या वाट्यासाठी मात्र रेडिओलॉजिस्टची रॅडपॅक, ऑर्थोपीडिक पॅक, नेत्रतज्ज्ञांची ऑफ्थपॅक हीच मंडळी लढतील. एकच निवडायची असेल तर मी स्पेशालिटीची निवडीन.

तिसरा पर्याय पैशाचा नाहीच. बहुतेक संघटना वर्षातून एकदा सदस्यांना वॉशिंग्टनला घेऊन जातात. काँग्रेस सदस्यांची कार्यालयं असलेल्या रेबर्न इमारतीच्या लांबच लांब कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांच्या पंचविशीतल्या स्टाफरला पंधरा मिनिटांत समजवायचं, की एमआरआयची मंजुरी यायला लागलेल्या दिवसांत त्या पेशंटचं काय झालं. आदल्या दिवशीच्या प्रशिक्षणात बजावतात: आत देणगीचा शब्द काढायचा नाही. स्टाफर लिहून घेतो ती पेशंटची गोष्ट आणि मतदारसंघाचा पिनकोड. व्हिसावरच्या डॉक्टरलाही इथे जाता येतं.

तुमची खरी भीती डॉक्टर नसलेल्यांनी तुमचं काम करण्याची असेल, तर मात्र वॉशिंग्टन हा चुकीचा पत्ता. डोळे तपासून चष्मा देणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टने लेसर चालवावा का, हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. ओक्लाहोमाने १९९८ मध्येच परवानगी दिली. भूल देणाऱ्या नर्सवर डॉक्टरची देखरेख हवी, या मेडिकेअरच्या अटीतून २००१ पासून गव्हर्नर एका पत्राने राज्याला बाहेर काढू शकतो. आयोवाने पहिलं पत्र पाठवलं. तिथे राज्य संघटनेची वर्गणी आधी. नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचा सर्जिकल स्कोप फंड याच लढायांसाठी आहे. तो उमेदवारांना पैसे देत नाही, म्हणून त्याला प्रॅक्टिसच्या खात्यावरचा चेकही चालतो. माझा परत आलेला चेक तिथे वटला असता.