नारायण पेठेतला छापखाना आणि आमचं हवाईयन गिटारचं पुस्तक (मोठा रिव्ह्यू आहे, चहा घेऊन बसा)

छापखान्याचं नाव इथे देत नाहीये कारण मालकांनीच बजावलंय, "जाहिरात नको, आहे तेच काम संपत नाही." आता पुण्यात एखाद्या दुकानाला याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं ते मला माहीत नाही. ज्यांना खरंच पुस्तक करायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता देतो.

पुस्तक कसलं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हवाईयन गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार फिरवून वाजवतात ती. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये ब्रिजभूषण काबरांनी वाजवलीय ती याच पद्धतीची. आपल्याकडे तिचं मोठं घर म्हणजे कलकत्ता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर हवाईचे ताऊ मो आणि त्यांचं कुटुंब तिथे राहून वाजवत होतं. त्याच कलकत्त्यातल्या एका जुन्या कारागिराची वाद्यं पुण्या-मुंबईतल्या घरांत आहेत, आमच्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपमध्येच बरीच निघाली. पण या माणसाचा ना कॅटलॉग ना धड नंबर, त्यामुळे कुठलं वाद्य मूळचं, कशात नंतर कोणी हात घातलाय यावर नुसते वाद. म्हणून ठरवलं की एक संदर्भपुस्तक करायचं, वाद्य हातात घेतलं की पान उघडून ताडून बघता येईल असं.

हे जगात नवीन नाही बरं का. लॉस एंजेलिसच्या हर्मन वायसेनबॉर्नच्या १९२०च्या दशकातल्या पोकळ मानेच्या कोआ लाकडाच्या गिटार घ्या, त्यात स्टाइल १ ते ४ असे प्रकार आहेत आणि स्टाइल ४ ला कडेनं दोरीसारखं पिळाचं काम असतं, ते दिसलं की जाणकार लांबूनच ओळखतो. आम्हाला आमच्या कारागिराचं असंच काहीतरी हवं होतं.

आधी दोन-तीन ठिकाणी कोटेशन घेतली. सगळीकडे तेच प्रश्न, पानं किती, प्रती किती, लॅमिनेशन ग्लॉसी की मॅट. इथे मात्र मांडणी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "एक वाद्य घेऊन या, मग बोलू." नेलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, होलमधून मोबाइलचा टॉर्च मारून आतलं लेबल बघितलं आणि विचारलं, "वाचणारा यात नेमकं काय शोधणार?" बस, मी तिथेच विकलो गेलो.

मग त्यांनी ठरवून दिलं की प्रत्येक वाद्याचे तेच फोटो, त्याच कोनातून, त्याच क्रमाने: समोरून, मागून, खुंट्यांकडचं टोक आणि आतलं लेबल, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी. मोजपट्टी कशाला म्हणून आमच्यातल्या एकाने नाक मुरडलं तर त्याला गप्प करायला रिकनबॅकर या अमेरिकन गिटार कंपनीचं उदाहरण पुरलं, त्यांच्या १९३०च्या दशकातल्या ॲल्युमिनियमच्या 'फ्राइंग पॅन' गिटारमध्ये ए-२२ आणि ए-२५ असे दोन प्रकार, नावातला आकडा म्हणजे तारेची लांबी, एक साडेबावीस इंची आणि एक पंचवीस इंची, आणि नुसता फोटो बघून अंदाज करायला गेलात तर फसाल. (जाता जाता, ॲल्युमिनियम स्टेजच्या दिव्यांखाली तापलं की सूर हलायचा, मग त्यांनी बेकेलाइट या कडक प्लॅस्टिकचं मॉडेल काढलं. असल्या गोष्टी सांगायला लागलो की ताई घड्याळाकडे बघायच्या.)

पण या छापखान्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम समासात आहे. आम्ही मजकुरात बिनधास्त लिहून दिलं होतं, "हे वाद्य १९५८चं." ताईंनी पेन्सिलीने बाजूला लिहिलं, कशावरून? मग कळलं की तो आकडा मालकाच्या काकांनी सांगितलेला. असं प्रत्येक वाक्याला व्हायला लागलं आणि शेवटी त्यांनीच तोडगा काढला, समासात एक छोटं अक्षर. ठ म्हणजे वाद्यावरच ठप्पा किंवा लेबल आहे, क म्हणजे पावती-पत्र असा कागद आहे, ऐ म्हणजे ऐकीव. पान उघडलं की एका नजरेत कळतं कुठल्या माहितीवर किती भार टाकायचा. काही पानांवर समासभर ऐ ऐ ऐ आहे, वाद्याच्या मालकांना ते झोंबलं, पण राहू दिलं.

एका वाद्यात कोणीतरी अमेरिकन पिकअप (तारांचा आवाज विजेवर घेणारा भाग) आणि व्हॉल्यूम कंट्रोल बसवलाय. असल्या कंट्रोलच्या पाठीवर आकडे असतात, पहिले तीन कंपनीचे (३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस) आणि त्यापुढचे आकडे तो कंट्रोल बनल्याच्या वर्षाचे आणि आठवड्याचे. आता यावरून एवढंच ठरतं की कंट्रोल त्याच्या आधी बसलेला नाही. वाद्य कधीचं हे नाही ठरत. ताईंनी त्या आकड्यांचा जवळून काढलेला फोटो पानावर मोठा घेतला आणि खाली हेच साध्या मराठीत लिहायला लावलं. बाहेरच्या कुठल्या डीटीपीवाल्याने हे केलं असतं?

फोटो त्यांच्याच ओळखीच्या फोटोग्राफरने काढले. पॉलिश चकाकतं म्हणून दिव्यांवर आणि लेन्सवर दोन्हीकडे पोलरायझर (चकाकी कापणारे फिल्टर) लावले, चमक गेली आणि लाकडाच्या रेषा, जुने चरे, बुजवलेली स्क्रूची भोकं सगळं दिसायला लागलं. संदर्भपुस्तकाला तेच हवं असतं. घरात भिंतीवर लावायला सुंदर फोटो हवा असेल तर हा माणूस तुमच्यासाठी नाही.

छपाई डिजिटल, १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर, १४४ पानं म्हणजे १६ पानांचे ९ फर्मे (एकत्र घडी घातलेले गठ्ठे), शिलाई करून पुठ्ठा बांधणी. शिलाईचाच आग्रह धरा. नुसती गोंदाची बांधणी टेबलावर सपाट उघडी राहत नाही, आणि इथे तर एका हाताने वाद्य धरून दुसऱ्या हाताने पान बघायचंय.

आता तक्रारी. एक, वेळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चुकूनही जाऊ नका, दिवाळी अंकांची कामं अंगावर असतात आणि तुमची फाइल तळाला जाते, आमची गेलीच. दोन, आमचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' सगळीकडे फुटले, ते प्रूफमध्ये आम्हीच शोधायचे अशी त्यांची भूमिका, हे मला पटलं नाही, पैसे घेता तर एकदा नजर तरी टाका. तीन, कव्हरचं कापड. सँपलमध्ये गडद मरून होतं, हातात आलं ते विटकरी. विचारलं तर मालक म्हणाले, "छान दिसतंय की." दिसतंय छान, पण मागितलं नव्हतं ना!

खर्च म्हणाल तर १०० प्रतींना प्रती मागे हजाराच्या आसपास, फोटोग्राफी वेगळी. स्वस्त नाही. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मात्र फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. आणि १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने एक प्रत कलकत्त्याच्या नॅशनल लायब्ररीला पाठवायची असते, हे पण ताईंनीच आठवण करून दिलं, पार्सलही त्यांच्याच पोऱ्याने केलं.

कविता संग्रह, स्मरणिका, लग्नपत्रिका यासाठी इथे जाऊ नका, उगाच प्रश्न विचारून वैताग आणतील. पण वाद्यं, नाणी, जुनी भांडी, घड्याळं, कसलाही संग्रह नीट नोंदवायचा असेल तर इथेच जा. दुचाकीने जा, गाडी लावायला जागा नाही. आणि कलर प्रूफचे (छपाईआधीच्या रंगीत नमुन्याचे) वेगळे पैसे सांगतात ते घासाघीस न करता द्या, फक्त कापडाचा तुकडा प्रूफला स्टेपल करून त्यावर मालकांची सही घ्या.